मंजूस, बाबांबद्दल

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ते आता बाबा राहिलेच नाहीत गं", ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय.

आईचं अल्झायमरचं निदान झालं तेव्हा मीपण हेच म्हणायचे. जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकात म्हणून गेला की आठवण जिथपर्यंत मागे जाते तिथपर्यंतच तो तोच माणूस, आणि आपण सगळे त्याला न वाचताच तसं धरून चालतो बघ. म्हणून तर कुणी भेटायला आलं की पहिला प्रश्न, "काकू, ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?" आई कावरीबावरी व्हायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. मी आता दारातच सांगते, आधी आपलं नाव सांगा, मग बसा.

मग टॉम किटवुडचं वाचलं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ, तो इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला होता, १९९७ चं लिखाण आहे. त्याचं म्हणणं, माणूसपण एकट्याच्या मेंदूत नसतं, ते भोवतालची माणसं देतात. आणि काढूनही घेतात, घाई करून, लहान मुलासारखं दटावून, समोरचा माणूस तिथे नाहीच असं त्याच्याबद्दल बोलून. वाचताना पोटात खड्डा पडला गं, कारण यातलं सगळं मी केलेलं, डॉक्टरांसमोरसुद्धा.

अल्झायमरमध्ये आधी जातात त्या ताज्या आठवणी, हातांची सवय बराच काळ टिकते. आईला जेवली की नाही ते आठवत नाही, पण कापूस पुढ्यात ठेवला की सरकी काढते, पाकळी पसरते, दुधाचं बोट लावून फुलवातीचं टोक पिळते. माझी वात वाकडी झाली की काही न बोलता हातातून घेते, उलगडते, पुन्हा वळते. तेव्हा ती माझी आईच असते, पूर्ण आई.

अवघड कुठे जातं सांगू, संध्याकाळी ती विचारते, "माझी आई कुठाय?" आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली, खरं सांगितलं तर ती दरवेळी नव्याने रडते, आणि खोटं बोलायला जीभ रेटत नाही, किटवुडसुद्धा फसवणं हे माणूसपण हिरावण्यातच मोजतो. हल्ली मी विचारते, "आजी तुला काय करून घालायची गं?" मग ती थालीपिठाचं सांगत बसते, कधी कधी तेवढ्याने भागतं, कधी नाही.

बाबा आपल्या सायकली उघडून जोडायचे, आठवतं? त्यांच्या पुढ्यात एकदा जुनं पायडल, पाना आणि तेलाची बुधली ठेवून बघ, काही विचारू नकोस, नुसती शेजारी बस. रविवारी येतेय, आईला घेऊनच.

तुझी,
शुभा