साथीतही पक्षाघाताच्या रुग्णाची वाट मोकळी हवी

महोदय,

करोनाच्या साथीचा हिशेब आपण खाटा, प्राणवायू आणि लसी यांच्यापुरताच मांडतो. त्या काळात पक्षाघाताच्या रुग्णांचे काय झाले, याची चर्चा गोव्यात क्वचितच होते. पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. २०२० च्या पहिल्या लाटेत ७० देशांतील रुग्णालयांच्या पाहणीत पक्षाघाताने दाखल होणारे रुग्ण ११.५ टक्क्यांनी, तर हे इंजेक्शन मिळालेले सुमारे १३ टक्क्यांनी घटलेले आढळले. आजार ओसरला होता म्हणावे, तर करोनाने उलट गुठळ्यांचा धोका वाढतो. बरेच जण भीतीने घरीच थांबले, हे उघड आहे.

टाळेबंदीत आमच्या वाड्यावरचे एकटे राहणारे आजोबा दुपारी सोप्यावर पडलेले आढळले. तोंड वाकडे, उजवा हात लुळा. इस्पितळात नेले तर करोना लागेल, या घोळात वेळ गेला. मग एका खाजगी इस्पितळाने आधी करोनाचा अहवाल मागितला. शेवटी जिथे दाखल केले, तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘हे शेवटचे धडधाकट कोणी, कधी पाहिले?’ एरवी सकाळी पाव विकणारा पोदेर येतो, शेजारीण हाक मारते. त्या दिवसांत कोणी कोणाकडे फिरकत नव्हते. ती वेळच ठाऊक नसल्याने इंजेक्शन देता आले नाही.

काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायलाच एरवीही बराच वेळ मोडतो. त्यामुळे मडगाव व म्हापसा येथील जिल्हा इस्पितळांत सीटी स्कॅन होताच गोमेकॉतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या दूरस्थ सल्ल्याने तिथेच इंजेक्शन देण्याची सोय चोवीस तास असावी. साथीत अशा रुग्णाला बाधित समजूनच, संरक्षक पोशाख घालून, थेट स्कॅनला न्यावे. चाचणीच्या निकालासाठी त्याला दारात ताटकळत ठेवू नये. फोन लावला की करोनाची धून कानी पडायची (आम्हाला ती पाठच झाली होती), पण तोंड वाकडे झाले वा बोबडी वळली तर घरी न थांबता १०८ ला कळवा, असे तीत नव्हते. साथीच्या सरकारी आराखड्यात ही सूचना आणि स्कॅनची स्वतंत्र व्यवस्था आरोग्य खात्याने आताच समाविष्ट करावी, ही विनंती.

— एक वाचक, फोंडा