चाकांचं काय ते तू ठरव

धुळे, रविवार रात्र

प्रिय गोट्या,

कसा शे रे भो? फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे सगळं तोडून तोडून सांगण्यासारखं नाही. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, अण्णांची शुगर ताब्यात आहे. तब्येतीचं झालं.

बातमी अशी की माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटीचं पुढचं डावं चाक गेलं. पारोळा रोडला रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. रिमची आतली कड दबली आणि टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर संपला, हे तुला सांगायला नको. स्टेपनी चढवून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी उरलेले तीन टायर बॅटरी लावून नीट बघितले. बाजूवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. तिन्ही २०१७ चे. नक्षी अजून १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या वर आहे, त्यामुळे वरून बघणाऱ्याला टायर चांगलेच वाटतात, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडल्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हात इतकी वर्षं रबर शिजलंय. म्हणजे चारही टायर बदलायचे.

आता चारही टायर बदलायचेच, तर रिमही का नाही? इथून माझी झोप उडाली.

अण्णा म्हणतात, रिम ठोकून घे आणि होते तसलेच टायर टाक. ही म्हणते, गाडी चालते ना, मग झालं. मेव्हण्याने तर विचारलं, मॅगव्हीलवर एवढा विचार कशाला? तिघांचंही बरोबर आहे आणि तिघांनाही कळणार नाही. २०१३ मध्ये ही गाडी आली तेव्हा नाशिकच्या शोरूमच्या काचेला नाक लावून उभे राहणारे आपण दोघंच होतो. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हे तू जेवताना पाठ म्हणायचास. लोक हिला हॅचबॅक म्हणोत, आपल्या दोघांची स्पोर्ट्स कार तीच होती. तू मासिकातून कापून होस्टेलच्या भिंतीवर खळीने डकवलेला तो फोटो, काळ्या सतरा इंची चाकांवर उभी असलेली लाल पोलो, आठवतो ना? रेक्टरने भिंतीचे पैसे भरून घेतले आणि तू फोटो पुन्हा डकवलास. २०२२ ला कंपनीने पोलो इथे विकणंच बंद केलं, तेव्हा तू घरात कोणी गेल्यासारखा फोन केला होतास. म्हणून हे तुलाच लिहितोय.

तर देवपुरात टायरच्या दुकानात गेलो. त्या भाऊंकडे काळ्या सतरा इंची रिम होत्या, कडेला चकाकती रेघ मारलेल्या. म्हणाले, एका बाजूला चढवून दाखवतो. दोन चाकं चढवली, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिलो. गोट्या, भिंतीवरचा फोटो समोर उभा होता! फक्त गाडी पांढरी. बराच वेळ तिथून हललो नाही. आतल्या पोराने चहा आणला तो तसाच निवला.

त्या भाऊंचा हिशेब असा. माझ्याकडे साठ हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. रिम ३६ हजारांच्या. उरतात २४, म्हणजे टायरमागे सहा. त्या पैशात २१५/४० आर १७ (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १७ इंची) कुठल्यातरी न ऐकलेल्या कंपनीचे येतात. मी मिशेलिन आणि काँटिनेंटलचा भाव विचारला, तर त्याच मापात आकडा माझ्या आवाक्याबाहेर गेला. माझं डोकं तिथेच अडकलंय. रस्त्याला गाडी चिकटते ती रबराने. चारही टायरचा मिळून जमिनीला टेकलेला भाग आपल्या चार तळहातांएवढा, ब्रेक, स्टिअरिंग, लळिंग घाटातलं वळण, सगळं तेवढ्यावर. आणि पैसे वाचवायचे ते नेमके तिथेच?

मापाचं मी रात्री बसून काढलं. आपलं मूळ माप १८५/६० आर १५, उंची ६०३ मिलिमीटर. २१५/४० आर १७ ची ६०४. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, ते जमतं. पण रबराची बाजू १११ वरून ८६ वर येते. अडीच सेंटिमीटर उशी कमी, आणि रिमला वाचवणारी तीच. परवाच्या खड्ड्यात १११ ची बाजू असताना रिम दबली, तर ८६ ला काय झालं असतं?

मग रिमच्या मागे कोरलेलं वाचलं, ७जे, ईटी ३५. जे म्हणजे इंचातली रुंदी, ईटी म्हणजे ऑफसेट, बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर ते. आपली मूळची ६जे, ईटी ४०. रुंदी एका इंचाने वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर, त्यात ऑफसेट पाचने कमी म्हणून चाक आणखी पाच बाहेर. बाहेरची कड जवळपास १८ मिलिमीटर बाहेर येते. एकट्याने चालवताना काही नाही. पण मागे तिघं बसवून सोनगीरच्या स्पीडब्रेकरवरून गेलो तर काय होईल, ते तू तुझ्या झेनमध्ये ऐकलेलं आहेस.

झेनचा विषय निघालाच आहे तर लिहितो. तुझ्या बाबांच्या झेनला तू घातलेली मॅगव्हील मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाहीत. मागे माणूस बसला की घर्र. तोरणमाळला जाताना सात पायरीच्या वळणावर तू मला आणि डॉक्टरला उतरवून चालायला लावलंस, कारण टायर मडगार्डला घासत होता. डॉक्टर अजून म्हणतो की त्या गाडीत दोनच माणसांचं परमिट होतं. आणि तू अख्ख्या रस्त्याने ठासून सांगत होतास की हा आवाज इंजिनचा आहे!

वजनाचंही बघितलं. मला डोळ्याने पटत नव्हतं, म्हणून त्या भाऊंकडून टायर चढवलेलं सतरा इंची चाक तासाभरासाठी मागितलं आणि आपल्या नानांच्या अडतीवर नेलं. कापसाच्या काट्यावर आधी माझं पंधरा इंची ठेवलं, १५ किलो ६०० ग्रॅम. मग ते काळं, १९ किलो ४००. हमाल लोकं गोळा झाली, एकाने विचारलं की हा माल काय भावाने घेता. पण आकडा बघ. चाकामागे जवळपास चार किलो, चार चाकांना पंधरा. आणि हे वजन डिकीत ठेवलेल्या पोत्याचं नाही. हे स्प्रिंगच्या खालचं आणि फिरणारं. शॉकअपला तेच आवरायचं, इंजिनला तेच पळवायचं, ब्रेकला तेच थांबवायचं. १०५ पीएसच्या गाडीला ते जाणवणारच. फ्लो फॉर्म्ड रिम हलकी येते, कारण ओतल्यानंतर तिचा बाहेरचा गोल तापवून लाटतात, धातू पातळ होऊनही बळकट राहतो. फोर्ज्ड तर आणखी हलकी. पण त्यांचे भाव ऐकून मी पुढे विचारलंच नाही. ओतीव स्वस्त रिममध्ये ताकद आणायची तर धातू जास्त घालावा लागतो, तो काट्यावर दिसला.

बोल्टचं तर दुकानातल्या पोराला माहीतच नव्हतं. फोक्सवॅगनला नट नसतात, बोल्ट असतो, आणि कंपनीच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं. त्या काळ्या रिमची खोबण शंकूची. पोराने जुनेच बोल्ट आवळून दिले होते. गोल बूड शंकूत बसलं की कडेकडेने टेकतं, घट्ट वाटतं आणि चालता चालता सैल होतं. मी ती दोन चाकं चढवून कोपऱ्यापर्यंतसुद्धा गाडी नेली नाही. वर रिमचं मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं पाहिजे, नाहीतर रिंग टाकावी लागते, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट नवे, रिंग नव्या, हे त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, गाडीत केलेल्या बदलांचं, आहेच. मडगार्डबाहेर आलेलं चाक आधी पोलिसाला दिसतं आणि अपघात झाला तर विमावाल्याला.

हे सगळं मला कळतं, आणि तरी रात्री डोळे मिटले की काळी चाकंच दिसतात. माणसाने आयुष्यात एक गोष्ट फक्त आवडली म्हणून घ्यावी, असं तूच म्हणायचास ना? मी ते गंभीरपणे घेतो, तू बोलून विसरतोस.

आता दुसरा रस्ता. कंपनीने शेवटी शेवटी जीटीला १६ इंची चाकं दिली होती, १९५/५५ आर १६. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांची मांडणी, तीच ५ बाय १००, मधलं भोक तेच, बोल्ट तेच. वेंटोलाही तशीच चाकं आली. पुण्यात एकाकडे असा जुना ओरिजिनल सेट आहे, नुसत्या रिम, २४ हजार सांगतो. म्हणजे टायरला ३६ हजार उरतात, नऊ-नऊ. त्यात मिशेलिन प्रायमसी किंवा काँटिनेंटलचा यूसी६ बसतो, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं थोडं इकडचं तिकडे करून. माझ्या पंधराच्या तीन चांगल्या रिम विकल्या तर तेही निघेल. बाजू १०७ मिलिमीटरची, म्हणजे उशी जवळपास तेवढीच. उंची ६२१, मूळच्यापेक्षा तीन टक्के जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा आधीपेक्षा तीनने जास्त पळत असू, ते लक्षात ठेवायचं. गाडी नऊ मिलिमीटर वर उठेल, आपल्या रस्त्यांना ते बरंच. दिसायला मात्र ती कंपनीची चाकं, सभ्य. कोणी वळून बघणार नाही.

तू म्हणशील, सतराच घे आणि आत्ता दोनच चांगले टायर टाक, दोन दिवाळीनंतर. आणि नवे दोन पुढे टाक म्हणशील, कारण गाडी पुढून ओढते. यावर आपण पाचकंदील चौकात किती भांडलोय! आजही सांगतो, नवे मागे. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. पावसात मागचं घसरलं की गाडी फिरते, मग तुझ्यासारखा ड्रायव्हरही काही करू शकत नाही. टायर कंपन्या हेच सांगतात. तेव्हा तू चहाचे पैसे न देता निघून गेला होतास, ते माझ्याकडे बाकी आहेत.

माझा कल सोळाकडे आहे, हे तुला एव्हाना कळलंच असेल. चांगलं रबर, हलकी आणि नेमकी बसणारी रिम, आणि मागे माणसं बसवता येतील अशी गाडी. पण तू एकदा "घे" म्हटल्याशिवाय माझा हात पुढे होत नाही. काळ्या चाकांचं स्वप्न दोघांचं होतं, ते मी एकट्याने कसं सोडू?

तुझ्या नव्या नोकरीचं डॉक्टरकडून कळलं, अभिनंदन रे. वहिनींची बदली थांबली का? पिल्लूच्या दातांचं काय झालं? सविस्तर लिही, मी खरंच वाचतो. काकूंना सांग की भरिताची वांगी बाजारात दिसू लागली की पाठवतो, आणि कळण्याच्या भाकरीचं पीठही.

तर काम असं. तो सेटवाला कोथरूडला आहे, नंबर मेसेज करतो. शनिवारी जाऊन ये. रंगाकडे बघू नकोस, फुटपाथला घासलेले ओरखडे चालतील. रिम उलटी करून आतली कड बोटाने गोल फिरव, कुठे दबलेली किंवा ठोकून सरळ केलेली असली तर हाताला लागते. मागून वेल्डिंगचा व्रण आहे का बघ, असला तर तिथूनच परत फिर. बोल्टची खोबण गोल आहे का, लांबट झालीय का ते बघ. शक्य असेल तर जवळच्या दुकानात चारही बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घे, त्याचे पैसे मी देतो. बोल्ट वीसच्या वीस माग. बसवताना मी टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळून घेईन, पाईप लावून उड्या मारणाऱ्या पोराच्या हाती देणार नाही.

आणि तरीही तुझं मत सतराच असेल तर तसं लिही, कारणासकट. मी ऐकेन. भांडेन, पण ऐकेन.

सेट चांगला निघाला तर तिथेच टोकन दे. घासाघीस वहिनींना करू दे, तू बोलायला लागलास की समोरचा भाव वाढवतो.

तुझाच,
बापू

ता. क. रिम ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवू नकोस, आपटतात. दिवाळीला येताना डिकीत आण, मधे जुन्या चादरी घाल. तोपर्यंत मी मागे पंधराचे जुने दोन बरे टायर टाकून गावातल्या गावात चालवतो.