बाई, तो रिपोर्ट तुम्ही उलटा केलात

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोरं रडत होती आणि मला जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. नुसता खण-नारळ तुमच्या हातात ठेवला आणि मागे फिरले. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय, कारण मी केलेली चूक आमच्या भागातले कितीतरी आईबाप आजही पैसे मोजून करताहेत.

लेक पाचवीत होता. पाढे टिकत नव्हते, भागाकार मांडायला बसला की हाताला घाम सुटायचा. तालुक्याच्या गावी एका केंद्राची जाहिरात पाहिली: बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता ओळखा. डीएमआयटी म्हणतात त्या चाचणीला. दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेचार हजार रुपये घेतले आणि आठवड्याने रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट हातात दिला. सांगीतिक बुद्धिमत्ता सगळ्यात जास्त, तार्किक-गणिती सगळ्यात कमी. समजावून सांगणारे म्हणाले, गणिताच्या मागे लावू नका, त्याचा तो पिंड नाही.

मी पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर आकडे जुळवते. पण त्या कागदावरचे टक्के कशावरून काढले, हे मी विचारलं नाही. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, याला आता पखवाजच शिकवा. आणि हे सगळं लेकासमोर बोलले. त्यानंतर गणिताचं पुस्तक उघडायला सांगितलं की तो म्हणायचा, ‘माझ्यात ती बुद्धी नाहीये. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय.’ दहा वर्षांचं पोर हो ते.

सहावीच्या पहिल्या पालक सभेला मी तोच रिपोर्ट घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पहिलं पान वाचलंत, शेवटचं वाचलंत आणि शांतपणे विचारलंत, ‘ताई, हे ठसे याच्या बोटावर कधी उमटले? तुमच्या पोटात होता तेव्हाच ना? मग गणित येणार की नाही, हे तेव्हाच ठरलं का?’

मग शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून तुम्ही मला जे सांगितलंत, ते मी अजून विसरलेले नाही. हॉवर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मांडलं की बुद्धी म्हणजे एकाच आकड्यात मावणारी गोष्ट नाही. भाषेची, तर्क-गणिताची, संगीताची, अवकाशाची, शरीराच्या हालचालींची, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची, अशा सात त्यांनी सांगितल्या. निसर्ग ओळखण्याची आठवी नंतर आली. मेंदूला इजा झालेली माणसं त्यांनी जवळून अभ्यासली होती. एक क्षमता जाते आणि दुसरी शाबूत राहते, हा त्यांच्या विचाराचा मोठा आधार. तुम्ही शेबालिन या रशियन संगीतकाराची गोष्ट सांगितलीत. पक्षाघातानं त्यांची भाषा गेली, बोलणं कळेनासं झालं, तरी त्यांनी नव्या संगीतरचना केल्या.

मी लगेच म्हटलं, म्हणजे रिपोर्ट बरोबरच आहे की! तेव्हा तुम्ही मान हलवलीत. ठशांवरून यातलं काहीच कळत नाही, गार्डनरांनीही तसं कधी सांगितलं नाही. शिवाय त्यांचा हा सिद्धांत सगळ्या मानसशास्त्रज्ञांना मान्य नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. अनेकांचं म्हणणं की या क्षमता एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, एकीत बरं असलेलं मूल बहुधा दुसरीतही बरं असतं. आणि एकेका मुलाचा ‘प्रकार’ ठरवून त्याला तेवढ्याच पद्धतीनं शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं सिद्ध झालेलं नाही. स्वतः गार्डनरही म्हणतात की याची शिकण्याच्या ‘शैली’शी गल्लत करू नका. एवढं खरं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी तर नाहीच.

‘मग करायचं काय?’ मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘त्याला जे येतं तिथून आत जायचं. पण आत जायचंच.’

हे ‘आत जाणं’ मी डोळ्यांनी पाहिलं. जातीच्या दाखल्याच्या कागदांवर सही हवी होती म्हणून श्रावणात एकदा शाळेत आले, तर तुम्ही अख्खी सहावी व्हरांड्यात दोन रांगांत बसवली होती. एक रांग दादरा ताल म्हणत होती, ‘धा धी ना, धा ती ना’, सहा मात्रा. समोरची रांग केरवा, ‘धा गे ना ती, न क धी न’, आठ मात्रा. प्रत्येकानं आपापल्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जोरात टाळी द्यायची. माझा लेक मधे बसून डब्यावर लय धरत होता आणि एक मुलगी फरशीवर खडूनं मात्रा मांडत होती. आधी नुसता गोंधळ. दादऱ्याची टाळी सातव्यावर, केरव्याची नवव्यावर, मग तेराव्यावर, सतराव्यावर, एकोणिसाव्यावर, आणि मग दोन्ही रांगांची एकदम एकच टाळी! पोरं ओरडली, ‘जुळली!’

‘कितव्या मात्रेला?’ तुम्ही विचारलंत.

‘पंचविसाव्या,’ लेक म्हणाला.

‘मग दोन समांच्या मधे किती मात्रा झाल्या?’

तो थांबला. बोटं डब्यावर हलत होती, ओठ हलत होते. ‘चोवीस,’ तो म्हणाला. ‘दादरा चार वेळा, केरवा तीन वेळा.’

‘हाच लसावि,’ तुम्ही म्हणालात आणि खडू त्याच्या हातात दिलात. 6, 12, 18, 24. त्याखाली 8, 16, 24. त्यानं लिहिलं. मी दाराआड उभी होते, पदर तोंडाशी धरला होता.

दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. टाळ्या झाल्या, पोरं खूश, संपला तास. तुम्ही लगेच फळ्यावर 9 आणि 12 लिहिलंत आणि डबा काढून घेतलात. लेक रडकुंडीला आला. तुम्ही त्याला सोडलं नाहीत आणि ओरडलाही नाहीत. तो अडला की फक्त विचारायचात, ‘बाराची पुढची सम कुठे?’ छत्तीस यायला त्याला पंधरा मिनिटं लागली. घरी येऊन त्यानं ते गणित आजोबांना तीनदा करून दाखवलं.

आणि त्याच लसाविसाठी वाकळ शिवणाऱ्या आईच्या लेकीला तुम्ही चिंध्यांच्या पट्ट्या जुळवायला दिल्यात, हेही नंतर कळलं. विशेष म्हणजे पुढच्या आठवड्यात तुम्ही अदलाबदल केलीत. पट्ट्या माझ्या लेकाच्या हातात, टाळ्या तिच्याकडे. ‘हा संगीताचा, ही हाताची’ असं तुमच्या वर्गात कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेत त्याला गणितात शंभरपैकी एकसष्ट मिळाले. पहिला नंबर नाही, शिष्यवृत्ती नाही. पण चुकलेली गणितं तो परत सोडवून पाहतो. भागाकार करताना अजून गुडघ्यावर हलकेच बोटं वाजतात, त्याला मी आता अडवत नाही.

त्या रिपोर्टची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मी तो चुलीत घालणार होते. पण तुम्ही सभेच्या दिवशी निघताना म्हणाला होतात, ‘कागद चांगला जाड आहे, पानं पाठकोरी आहेत, वापरा.’ लेकानं ते मनावर घेतलं. 9 आणि 12 चा छत्तीस त्यानं सगळ्यात आधी त्याच पानामागे लिहिला, जिथे पुढच्या बाजूला ‘तार्किक-गणिती: कमी’ असं छापलंय. आता अकरा पाठकोरी पानं उरलीत. सध्या त्यांवर सातवीतलं शेकडेवारीचं काम चाललंय.

माघात आमच्या गावात सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी लेक पहिल्यांदाच आजोबांच्या जागी पखवाजावर बसणार आहे. नवी शाळा लांब आहे, एसटी दोनदा बदलावी लागते, ठाऊक आहे. तरी या. जेवायला थांबा. तो तुमची वाट बघतोय आणि मीही.

आपली कृतज्ञ,
तुमच्या सहावीतल्या पखवाजवाल्याची आई