आई-बाबांना पत्र : नॉर्थ डकोटाला केव्हा यावे

जेम्सटाउन, नॉर्थ डकोटा
फेब्रुवारी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही मागच्या आठवड्यात दोन गोष्टी विचारल्या होत्या. आम्ही तुझ्याकडे कोणत्या महिन्यात यावे, ही एक. आणि जिथे पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो तिथे माणसे शेती तरी कशी करतात, ही दुसरी. फोनवर या गोष्टी नीट सांगून होत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आमची स्टट्समन काउंटी उत्तर अमेरिका खंडाच्या जवळजवळ मध्यावर आहे. चारही दिशांना समुद्र शेकडो कोस दूर असल्यामुळे थंडी आणि उष्णता या दोहोंनाही इथे लगाम नाही. उत्तरेला थेट ध्रुवापर्यंत आडवा पसरलेला एकही डोंगर नसल्याने कॅनडातून निघालेली थंड हवा विनाअडथळा येऊन पोहोचते. पश्चिमेला मात्र रॉकी पर्वत आहे, आणि पॅसिफिकचे बाष्प त्याच्यावरच रिकामे होते. सह्याद्री आपल्या माणदेशाचे जे करतो, तेच रॉकी या प्रदेशाचे करतो. बर्फ वितळवून त्याचे पाणी मोजले तरी इथला वर्षाचा पाऊस साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर भरतो, म्हणजे आपल्या दहिवडीपेक्षा फार वेगळा नाही.

तरीही इथे गहू, सोयाबीन, मका आणि सूर्यफूल पिकते, आणि त्याचे श्रेय तुम्ही ज्या थंडीला घाबरता तिलाही आहे. पाच महिने जमीन गोठलेली असल्यामुळे ओलावा उडून जात नाही. पावसाचा मोठा भाग एप्रिल ते सप्टेंबर या काळात, म्हणजे पीक उभे असताना पडतो, आणि त्यातही जून सर्वांत ओला असतो. एप्रिलअखेर वाफसा आला की पेरणीची एकच धांदल उडते, कारण दहिवर गोठण्याच्या वसंतातल्या शेवटच्या रात्रीपासून शरदातल्या पहिल्या रात्रीपर्यंत जेमतेम चार महिने हाती असतात. आपल्याकडे मृग लागतो, तेव्हा इथला गहू उगवून वर आलेला असतो. जूनमध्ये दिवस जवळजवळ सोळा तासांचा असल्याने पीक डोळ्यांदेखत वाढते.

आता थंडीविषयी. जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान उणे अठरा अंशांच्या आसपास असते, आणि एखाद्या आठवड्यात ते उणे तीसच्याही खाली जाते. पण सरासरीवर विसंबण्यासारखा हा प्रदेश नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत याच राज्यातील पार्शल गावी उणे ५१ अंश सेल्सियसची नोंद झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या शेजारच्या किडर काउंटीतील स्टील गावी पारा ४९ अंशांच्या वर गेला. राज्याचे हे दोन्ही उच्चांक-नीचांक आजही कायम आहेत, आणि ते एकाच वर्षातले आहेत. अलीकडचेच पाहा: २०२१ चा उन्हाळा दुष्काळाने होरपळून गेला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ऐन वसंतात तीन दिवसांचे हिमवादळ झाले.

खरे सांगायचे तर निव्वळ थंडी सोसवते. घरे उबदार असतात, अंगावर कपड्यांचे थर असतात, आणि रात्री गाडीच्या इंजिनाला विजेचा हीटर जोडून ठेवतात. येथील बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून त्याची वायर लोंबताना दिसते. जपावे लागते ते वाऱ्याला. उघड्या माळावर तो अडत नाही, आणि उणे तीस अंशांत वारा सुटला तर उघड्या त्वचेला दहा मिनिटांच्या आत हिमदंश होऊ शकतो. बर्फ पडतो तोही तुम्ही समजता तितका नसतो. अमेरिकेच्या पूर्वेकडील कितीतरी शहरांत याहून अधिक पडतो. पण इथला बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असल्यामुळे वारा तोच तो बर्फ पुन्हा पुन्हा उचलतो. वर स्वच्छ निळे आकाश आणि खाली कमरेइतक्या उंचीवर धावणाऱ्या बर्फात रस्ता नाहीसा झालेला, असा प्रकार मी इथे येईपर्यंत ऐकलाही नव्हता. हवामान खात्याच्या व्याख्येत तासाला ५६ किलोमीटरचा वारा आणि ४०० मीटरपेक्षा कमी दृश्यमानता तीन तास टिकली, तरच त्याला हिमवादळ म्हणतात. त्या व्याख्येत किती बर्फ पडला याला काहीच महत्त्व नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

१९६६ च्या मार्चमधील हिमवादळानंतर याच जेम्सटाउनजवळ काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बर्फाच्या ढिगावर उभ्या असलेल्या माणसाचे डोके टेलिफोनच्या खांबाच्या शेंड्याला टेकेल असे वाटते. आज अशी वेळ आलीच तर महामार्गाच्या प्रवेशमार्गांवरील फाटके बंद करतात, आणि मग कोणी कितीही घाईत असो, गावातच थांबतो. आई, तू विचारण्याआधीच सांगते: माझ्या गाडीत ब्लँकेट, फावडे, मेणबत्त्या आणि खाण्याचा डबा हिवाळाभर असतो. शेतांच्या कडेने झाडांच्या ज्या सरळ रांगा फोटोंत पाहून तुम्ही कौतुक केले होते, त्याही वाऱ्यासाठीच आहेत. १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि वाऱ्याने या माळांची माती उडून गेली, तेव्हा १९३४ ते १९४२ या काळात सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत वीस कोटींहून अधिक झाडे लावली. आता मोठी यंत्रे फिरवायला अडचण होते म्हणून काही ठिकाणी त्या रांगा काढून टाकतात. मला ते शहाणपणाचे वाटत नाही.

वसंत ऋतू म्हणजे चिखल. हिमयुगातील हिमनद्यांनी मागे ठेवलेली हजारो तळी तेव्हा भरतात, बदके येतात, आणि चेस लेकवर पांढऱ्या पेलिकनांची प्रचंड वसाहत भरते. जेम्स नदीला उतार फार कमी असल्याने पाणी लवकर ओसरत नाही. २००९ मध्ये गावाच्या वरची दोन्ही धरणे विक्रमी पातळीपर्यंत भरली होती. जून-जुलै सुंदर असतात, पण रात्रीचा गडगडाट, गारपीट आणि डास आईला मुळीच मानवणार नाहीत.

म्हणून माझे मत असे की तुम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात यावे आणि सप्टेंबरअखेर परतावे. तेव्हा गव्हाची मळणी उरकत आलेली असते, सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते, डास कमी होतात आणि दुपारी नुसत्या सदऱ्यावर फिरता येते. बाबा, कापणी-मळणीच्या कम्बाइन यंत्रामध्ये बसून पाहण्याची तुमची इच्छाही तेव्हाच पुरी होईल. एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी विचारून ठेवले आहे. दादाने स्वस्त तिकिटांसाठी ऑक्टोबर सुचवला आहे, तो मात्र नको. २०१९ च्या ऑक्टोबरात दुसऱ्याच आठवड्यात असे हिमवादळ आले की उभी पिके बर्फाखाली गेली.

पुण्याला जाऊन जाड जाकिटे घेऊ नका, एकेक स्वेटर पुरे. लागलेच तर इथे माझ्याकडे आहेत. तारखा ठरल्या की तिकिटे काढण्याआधी मला कळवा. फार्गोच्या विमानतळावरून गाडीने दीड तास लागतो, तेव्हा विमान दिवसाउजेडी उतरेल असे पाहू.

तुमची लेक