थोराड पोरगं आणि आपलं जुनं भांडण

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुन्या,

काल जिल्ह्याच्या बास्केटबॉल निवडीत समितीने आमच्या त्या थोराड पोराचं नाव खोडलं. "नुसतं अंग आहे, खेळ कुठाय?" तुझंच वाक्य, जसंच्या तसं! म्हणून हे तुलाच लिहायचं. तू ते आइस हॉकीतल्या त्या दांडग्या स्लाफकोव्स्कीबद्दल म्हणायचास, आणि इथे स्लाफकोव्स्की म्हटलं की लोकांना औषधाचं नाव वाटतं.

आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात.

2022 ला एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडाच्या हॉकी लीगच्या) नव्या खेळाडूंच्या निवडीत मॉन्ट्रियलने स्लाफकोव्स्कीला पहिला उचलला तेव्हा तळघरातल्या सोफ्यावर किती ओरडला होतास! तुझं म्हणणं, फिनलंडच्या लीगमध्ये 31 सामन्यांत फक्त 10 पॉइंट, गोल आणि असिस्ट (गोलला दिलेले पास) मिळून. माझं म्हणणं, सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये 7 गोल. पहिल्या मोसमात 39 सामन्यांत 4 गोल करून तो जखमी झाला, आणि तू पैजेची मिसळ वसूल केलीस. पुढच्याच मोसमात 20 गोल, 30 असिस्ट. माझी मिसळ बाकी आहे, लेका.

पण दांडग्या पोराला जोखायचं कसं, हे डोक्यातून जात नाही. ज्युनियरमध्ये असा पोरगा समोरच्याला ढकलूनच गोल करतो. मोठ्यांत गेला की सगळेच तेवढे. मग टक्करी मोजून काय कळणार? बघायची ती पहिली तीन पावलं, आणि पाठीवर माणूस घेऊन रिंकच्या कडेच्या बोर्डापाशी पक (हॉकीची चकती) राखता येतो का ते. आमचा पोरगा दोघं अंगावर असताना चेंडू हनुवटीखाली धरतो, खांदा आत घालतो आणि मान वळवून मोकळा गडी शोधतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पाय मात्र जड आहेत. आधी थांबतो, मग वळतो. समितीने तेवढंच पाहिलं.

वॉशिंग्टनचा दांडगा टॉम विल्सन आठव. 2012 ला सोळावा निवडला, पहिल्या पूर्ण मोसमात 3 गोल, वीस गोल ओलांडले थेट 2018-19 ला. कॅम नीलीचे 201 सामन्यांत 51 गोल बघून व्हँकुव्हरने 1986 मध्ये त्याला बोस्टनला देऊन टाकलं, वर पहिल्या फेरीची निवडही दिली. बोस्टनमध्ये पहिल्याच मोसमात 36! तू म्हणशील अपवाद. मान्य, न फुललेलेच जास्त. पण वॉशिंग्टनला विल्सनला चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या फळीत खेळवत थांबता आलं. आमच्या पोराची पुढच्या वर्षी बारावी आहे. बाप म्हणतो, उंची वाया घालवू नको, पोलीस भरतीची तयारी कर. बापाचं तरी काय चुकलं? थांबायचं कुणाच्या जिवावर?

तुझं नवं घर झालं म्हणे, अभिनंदन! फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

सोमवारी मी समितीपुढे परत जातोय. त्याआधी त्या पोराच्या विरोधात जे जे सुचेल ते सगळं मला सांग. तुझ्याएवढं कडक कुणी बोलणार नाही, आणि मला एकाही प्रश्नावर अडकायचं नाहीये. खेळताना काढलेला व्हिडिओ पाठवलाय, पाय नीट बघ. रविवारी फोन कर, कितीही वाजू देत.

तुझा,
बाळ्या