बेत त्याच्या मापाचा असू दे

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कॅनडातल्या अल्गोंक्विन उद्यानाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. चार दिवस तो तिथेच आहे, तुझी आई ताटं त्याच्या कडेने मांडते. दोरा लावून तुमची वाट मोजली. पहिला दिवस मला पटला. कॅनू लेकवरून निघायचं, 295 मीटर होडी खांद्यावर घेऊन चालायचं, जो लेकमध्ये उतरायचं आणि पुढे टीपी लेकवर मुक्काम. दुसरा दिवस मात्र पटला नाही. एका दिवसात तीन वेळा सामान उतरवायचं, वाहायचं, पुन्हा भरायचं. सामान दोन खेपांत न्यायचं तर चालणं तिप्पट होतं. त्या 295 मीटरचेच जवळजवळ 900 होतात. तुला ते जमेल. पण सोबत आक्काचा धाकटा आहे, आणि त्याने अजून वल्हं हातात धरलेलं नाही.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. आई होडीत बसत नाही म्हणजे तिला पाण्याची भीती, असंच तू समजत आलीस. तिला भीती नव्हती. मी उजनी धरणावर नोकरीला होतो, आमचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. मार्चमध्ये तिला फुगवट्याच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला नेलं. सकाळी पाणी परातीतल्यासारखं निवांत होतं. तासभर तिने हौसेने वल्हं मारलं. मग म्हणाली, "आता फिरूया." मी म्हटलं, एवढं आलोय तर थवा जवळून बघूच. दुपारी वारा सुटला आणि लाटा आडव्या यायला लागल्या. तिने दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला. बोटांची पेरं पांढरी पडली होती, प्रत्येक हिसक्याला हिरव्या बांगड्या लाकडावर आपटत होत्या. त्यातली एक फुटली. ती एक शब्द बोलली नाही. काठाला लागल्यावर चपला हातात घेतल्या आणि सरळ वसाहतीकडे चालायला लागली. त्यानंतर ती होडीत बसली नाही. चूक माझी होती. अंतर मी माझ्या दंडांनी मोजलं, तिच्या नाही.

म्हणून सांगतो, दुसऱ्या दिवसाचा तो फेरा काढून टाक. दोन्ही रात्री टीपी लेकवरच एका जागी काढा. तंबू हलवायचा नाही, सामान बांधायचं नाही. सकाळी रिकामी होडी घेऊन हिंडा, भूक लागली की परत या. आक्काच्या पोराला आवडलं तर पुढच्या वर्षी तो स्वतःच लांबची वाट काढेल.

वाऱ्याचं तर तुला ठाऊकच आहे. 2024 च्या मे महिन्यात उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. लोकांच्या नेहमीच्या जाण्यायेण्याची वाट होती ती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, बांगड्यांचा तो आवाज कानात होता. तेव्हा उजाडताच निघा आणि बाराच्या आत मुक्कामी पोचा. तळं मधून कापायचं नाही, लांब पडलं तरी काठाकाठाने जायचं. वारा वाढला तर काठाला लागून बसून राहायचं. एक दिवस उशीर झाला तर होऊ दे, त्यासाठी एका दिवसाचं जेवण जास्तीचं ठेव.

त्याला पुढे बसव, तू मागे बस. होडी वळवणं मागच्याच्या हातात असतं, पुढच्याने फक्त एका लयीत पाणी ओढायचं. लाटा आल्या की दोघांनी गुडघ्यांवर बसा, भार खाली जातो आणि होडी डुलायची कमी होते. त्याला काठ धरू देऊ नकोस. वल्हं पाण्यात असलं की त्याचाच आधार मिळतो, पण पहिल्या दिवशी हे कुणालाच खरं वाटत नाही. निघायच्या आधी एक सकाळ कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम उलटी करा. पाण्यात पडणं म्हणजे काय ते त्याला काठाजवळच कळू दे.

तो म्हणेल, मला पोहता येतं. येतं खरं. पाठीला डबा बांधून मीच त्याला आपल्या विहिरीत सोडला होता. पण तिकडची तळी एप्रिलच्या शेवटी, कधी मेमध्ये बर्फातून मोकळी होतात, आणि तू मेचा शेवट धरला आहेस. तसल्या गार पाण्यात पडलं की पहिलं 1 मिनिट श्वासच ताब्यात राहत नाही, 10 मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, तासाभरात शुद्ध जाऊ शकते. लाइफ जॅकेट होडीत नुसतं ठेवून उपयोग नाही, अंगात हवं आणि बंद लावलेलं हवं. शिवाय मे-जूनमध्ये काळ्या माश्या चावून हैराण करतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी बरं असतं, डासही कमी झालेले असतात. माझं ऐकशील तर बेत तेव्हाचा कर.

तिथे आतल्या मुक्कामांवर डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. आईने ते ऐकल्या ऐकल्या बाजरी-ज्वारीच्या कडक भाकरी थापायला घेतल्या. शेंगाची चटणीही कुटून झाली आहे. भाकरी महिनाभर राहते, वजनाला हलकी, फक्त मोडू नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळ. चटणीला लसणाचा वास आहे आणि तिकडे अस्वलं आहेत. रात्री खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवू नका, तंबूपासून लांब झाडाला उंच टांगा.

कुठल्या तळ्यावर, किती दिवस आणि परत कधी, हे कागदावर लिहून शेजारी कुणाकडे तरी देऊन जा. तिथे फोन लागेलच असं नाही.

आक्काला मी अजून काही बोललो नाही. नवा बेत ठरला की आधी मला कळव, मग मी नकाशा घेऊन तिच्याकडे जाईन. काल आईने विचारलं, त्या तळ्यावर सकाळी पाणी शांत असतं का. मी म्हटलं, तुलाच विचारून सांगतो.

तुझे अण्णा