बाई, हरिपूरच्या पेवाबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून रागवाल. सांगलीच्या गावभागातल्या ज्या पोरांनी तुमच्या ओसरीवर बसून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची स्थिरचित्रं घोटली, त्यांना तसंही ओळखू येईलच. हे पत्र जाहीर लिहायचं कारण एवढंच, की समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा टाकायला आत निघून जाता.

मागच्या जूनमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची वही घेऊन आले होते. विषय कृष्णाकाठ. आयर्विन पुलाखालचं पाणी व्हॅन गॉगच्या वळशांनी, घाटावरच्या बायका क्लिम्टच्या सोनेरी चौकोनांत, आणि विष्णुघाटाच्या पायऱ्यांवर कुसामाचे ठिपके. वहीत ‘प्रभाव’ दाखवायचे असतात, म्हणून रांगेनं दाखवले होते. खाली नक्षीदार अक्षरात नावं. तुम्ही शेवटपर्यंत पानं उलटलीत आणि म्हणालात, “अगं, चित्रकारांचं पेव फुटलंय की हिच्यात! खरं पेव बघितलंयस का कधी?”

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. जन्म सांगलीतला, आणि नव्हतं बघितलं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला सांगलीजवळच्या हरिपूरला नेलंत. संगमेश्वराला हात जोडून झाल्यावर ओळखीच्या एका आजोबांच्या जागेत गेलो. जमिनीत जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, खाली २०-२५ फूट पोकळी. आजोबा सांगत होते, हळद आत भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, रंग उतरणं नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत श्वासाला हवा नसते. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं कामातून गेली. त्यांचंही गेलं. आता त्याच्या तोंडावर फरशी टाकलेली होती आणि फरशीवर तुळस.

मला वाटलं, फोटो काढू आणि निघू. तुम्ही पेन्सिल आणि खोडरबर पर्समध्ये टाकलंत, माझ्या हातात बॉलपेन दिलंत आणि म्हणालात, “चाळीस वेळा काढ.” एकाच भोकाची चाळीस स्केचेस! बारा-तेरापर्यंत मी फरशीची कडा काढत होते. मग कंटाळा आला. मग राग. विसाव्याच्या आसपास कधीतरी मी कडा काढायची सोडली आणि फरशीखालचा अंधार भरायला लागले, रेघेवर रेघ, कागद फाटेपर्यंत. तो फाटलेला कागद तुम्ही वेगळा काढून ठेवलात. पुढचं सगळं त्या फाटलेल्या कागदातून आलं, हे मला दिवाळीनंतर कळलं. (मार्केट यार्डात सौद्यांच्या वेळी हमालांची स्केचेस करायला पाठवलंत तेही बरंच केलंत, पण त्यातलं एकही प्रोजेक्टमध्ये गेलं नाही. पाठीवर पोतं घेतलेला माणूस थांबत नाही, एवढं मात्र हाताला कळलं.)

चित्रकारांकडे तुम्ही मला परत नेलंत ते त्यानंतर. १९१२ मध्ये पिकासोनं खुर्चीची वेताची वीण रंगवत न बसता तशी वीण छापलेलं मेणकापडच कॅनव्हासवर चिकटवलं आणि कडेनं खरा दोर फिरवला. “यातलं काय घेशील?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दोर. “दोर त्याचा झाला. तुझ्या घरात काय पडलंय?” घरात बारदान पडलं होतं, बाबांच्या अडतीतून आलेलं, हळदीच्या वासाचं. शिल्पकार-मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ मालिका दाखवलीत तेव्हा तर मी गप्पच झाले. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर पांढरेच घाव, रंग नाहीच. तो फाटलेला कागद आठवला.

मिक्स्ड मीडिया (एकाच कामात वेगवेगळी माध्यमं) म्हणजे फेव्हिकॉल घेऊन दिसेल ते चिकटवणं, असाच माझा समज होता. पहिली पाटी वाळल्यावर पापडासारखी वाकली. तुम्ही मागच्या बाजूनंही कागद डकवायला लावलात, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी बसते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायला तुम्हीच शिकवलंत, नाहीतर झुरळांनी अर्धा प्रोजेक्ट खाल्ला असता.

आणि मग हळद. बारदानावर ओली हळद फासून मी सगळं खिडकीत वाळत घातलं. आठवड्यात पिवळा रंग उडून नुसतं मळकट बारदान राहिलं. सबमिशनला दीड महिना उरलेला. चुन्याची निवळी मारून बघितली तर लालभडक. रडत तुमच्याकडे आले, तर तुम्ही हसलात. “कुंकू केलंस की!” मग विचारलंत, आजोबांची हळद रंग का धरून राहायची? मी म्हटलं, कारण आत उजेड नव्हता. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

तर शेवटी अकरा पेट्या झाल्या. बाहेरून बारदान आणि कागदाचा लगदा, वर फाटल्यासारखं अरुंद तोंड, आत हळदीचा कागद. त्याच हळदीचा दुसरा तुकडा पेटीच्या झाकणावर, उन्हात. दर सोमवारी एक नवी पट्टी लावायची आणि तारीख घालायची. प्रदर्शनात लोक वाकून आत बघत होते, आणि एक आजी वाकून नुसता वास घेत उभ्या राहिल्या. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, यात प्रभाव कुणाचा? मी तुमचं नाव घेतलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.

तुमची मोठी कात्री अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी चिकटवलेली हळदीची पट्टी मात्र दिवाळीच्या साफसफाईत काढू नका. अजून पुरती उडालेली नाही.

तुमची,
चाळीस भोकंवाली